सोळा मिनिटांचं भांडण

दादरला स्लो लोकलमध्ये चढल्या चढल्या कानात हेडफोन घातले आणि ही रेकॉर्ड लावली, तर घाटकोपर येईस्तोवर ती संपलेली असते. सहा गाणी, जेमतेम सोळा मिनिटं. एवढ्या वेळात ख्याल गाणारा आपला गवई नुकता कुठे बैठक जमवून नीट बसलेला असतो. आणि तरी ह्या सोळा मिनिटांवरून तीस वर्षांहून जास्त काळ लोक हमरीतुमरीवर येत आलेत. कुणाला हा नुसता आरडाओरडा वाटतो. कुणी सांगतं की पंधराव्या वर्षी हे हाती पडलं नसतं तर आपलं काय झालं असतं कोण जाणे. आणि एक मवाळ पक्षही आहेच, सगळीकडे असतो तसा: इतिहास म्हणून थोर, पण पुन्हा लावून ऐकवत नाही.

रेकॉर्डचं आणि बँडचं नाव एकच, ‘बिकिनी किल’. 1992 साली ‘किल रॉक स्टार्स’ या चिमुकल्या कंपनीने ती काढली. एलपीपेक्षा आखूड, सिंगलपेक्षा लांब, म्हणजे ज्याला ईपी म्हणतात ती.

मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मवाळ पक्षातच होते. शेवटच्या गाण्यापाशी मात्र थबकले, आणि गाडीत बसल्या बसल्या ते मागे घेऊन पुन्हा ऐकलं. पहिली पाच गाणी स्टुडिओतली, पण हे सहावं वॉशिंग्टन शहरातल्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड केलेलं. बँड वाजतोय, ढोल बडवले जातायत, आणि त्या गदारोळात एक आवाज काहीतरी वाचून दाखवतोय. गाणं नव्हे, कविताही नव्हे. या बँडविषयी कुणीतरी लिहिलेलं परीक्षण! त्याच वेळी गायिका मध्ये मध्ये एकच खोचक प्रश्न विचारत राहते. तेव्हा ‘सॉनिक यूथ’ हा त्या वर्तुळातला सगळ्यांचा आदरणीय बँड होता. गायिकेच्या प्रश्नाचा मथितार्थ असा की त्यांनी तुला ‘भारी’ म्हटलं, की झालं का सगळं? गाण्याचं नावच ‘थर्स्टन हार्ट्स द हू’. थर्स्टन म्हणजे त्याच सॉनिक यूथचा थर्स्टन मूर, आणि ‘द हू’ हा त्याच्याही आधीच्या पिढीतला ब्रिटिश बँड. कुणाला कोण आवडतं आणि त्या आवडीचा दाब आपल्यावर का यावा, असा हा सगळा मामला.

रेकॉर्ड निघते, मग लोक ऐकतात, मग मतं देतात, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. इथे मत रेकॉर्डच्या पोटात शिरून बसलं आहे. समीक्षक बोलतोय आणि ज्यांच्याविषयी तो बोलतोय त्याच मुली त्याच्या बोलण्याला ताल धरतायत. मला वाटतं या रेकॉर्डविषयी इतकी वर्षं जे मतांचं मोहोळ उठत आलं आहे, त्याची किल्ली इथेच आहे. ही मंडळी श्रोत्याच्या मताची वाट बघत बसली नाहीत. ते काय असणार हे ओळखून, आधीच उचलून, त्यांनी कच्चा माल म्हणून वापरलं.

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकेत वॉशिंग्टन दोन आहेत, आणि या गोष्टीत दोन्ही येतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. एक राजधानी, पूर्वेला. दुसरं राज्य, पार पश्चिम किनाऱ्यावर. त्या राज्याची राजधानी ऑलिंपिया हे सिअ‍ॅटलच्या दक्षिणेचं लहानसं, पावसाळी गाव. तिथे एव्हरग्रीन स्टेट कॉलेज आहे, जिथे परीक्षेला गुण देण्याऐवजी प्राध्यापक लेखी अभिप्राय देतात. (अभिप्रायांचं प्रकरण इथूनच सुरू होतं म्हणायचं.) 1990 मध्ये या परिसरात चौघं एकत्र आली: गायिका कॅथलीन हॅना, ड्रमवर टोबी वेल, बेसवर कॅथी विलकॉक्स आणि गिटारवर बिली कॅरन. तीन मुली, एक मुलगा.

हॅना खरं तर लेखनाकडे निघाली होती. घरगुती हिंसाचारातून सुटून आलेल्या बायकांसाठीच्या आधारगृहात ती काम करत होती आणि रंगमंचावर आपलं लिखाण म्हणून दाखवत होती. कॅथी अ‍ॅकर ही कादंबरीकार तिला एका कार्यशाळेत भेटली. तुझं म्हणणं लोकांनी ऐकावं असं वाटत असेल तर बँड काढ, वाचन ऐकायला कोण येतं, असं तिने सुनावलं म्हणतात. मराठीतल्या कविसंमेलनांना गेलेल्या कुणालाही हा सल्ला पटायला हरकत नाही.

बँडच्या आधी आणि बँडबरोबर कागद होता. अमेरिकेत ज्याला ‘झीन’ म्हणतात तो प्रकार मराठी वाचकाला परका नाही. आपल्याकडे साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं याच कुळीतली. आपल्याकडे सायक्लोस्टाइल होतं, तिकडे झेरॉक्स. कात्री, गोंद, टाइपरायटर, रात्री कुणाच्या तरी ऑफिसातलं मशीन चोरून वापरायचं, घड्या घालायच्या, स्टेपल मारायची, वाटायचं. टोबी वेलचं ‘जिगसॉ’ 1988 पासून निघत होतं. बँडचं स्वतःचं झीनही ‘बिकिनी किल’ याच नावाचं. त्याच्या 1991 मधल्या दुसऱ्या अंकात मुलींच्या ‘रायट गर्ल’ या पंक चळवळीचा जाहीरनामा छापला आहे, आणि अंकावर ‘गर्ल पॉवर’ हे शब्दही आहेत. होय, तेच शब्द. पाच वर्षांनी ब्रिटनच्या ‘स्पाइस गर्ल्स’नी ते घेऊन जगभर खपवले, तेव्हा झेरॉक्स मशीनचा वास त्यांना राहिला नव्हता.

‘रायट गर्ल’ हे नाव कसं पडलं तेही त्या 1991 च्या उन्हाळ्यातलं, आणि पूर्वेकडच्या, राजधानी वॉशिंग्टनमधलं. मे महिन्यात राजधानीतल्या माउंट प्लेझंट या वस्तीत एका लॅटिनो माणसावर पोलिसाने गोळी झाडली आणि दोन-तीन दिवस दंगल पेटली. ते बघून जेन स्मिथ या तरुणीने, आता मुलींचीही दंगल व्हायला हवी अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. ‘ब्रॅटमोबील’ बँडच्या अ‍ॅलिसन वुल्फ आणि मॉली न्यूमन यांनी ते उचलून एका छोट्या झीनला नाव दिलं. इंग्रजी ‘गर्ल’मधला ‘र’ तीनदा लिहायचा, म्हणजे ‘गर्र्र्ल’. वाचताना घशातून गुरगुर निघावी. या वर्णविन्यासाचं श्रेय टोबी वेलला देतात. देवनागरीत तो शब्द लिहायला घ्या. रफार आणि जोडाक्षरांची जी काय ओढाताण होते, ती त्या मुलींना नक्की आवडली असती.

बँडने आधी एक कॅसेट काढली होती, 1991 मध्ये, घरच्या घरी वाटण्याजोगी. मग राजधानीत त्यांचं वादन बघून इयान मकायने त्यांना स्टुडिओत नेलं. मकाय म्हणजे ‘फुगाझी’ बँडचा. तिकीट पाच डॉलर ठेवायचा आग्रह धरणारा, पंकमधला जवळजवळ गांधीवादी माणूस. ईपीतली पहिली पाचही गाणी त्या कॅसेटवर होतीच. मकायने त्यांना फार सजवलं नाही, एवढंच बघितलं की जे आहे ते जोरात आणि स्पष्ट यावं. या ध्वनिमुद्रणावरूनही श्रोत्यांत दोन तट आहेत. नंतर 1993 मध्ये रॉक गायिका जोन जेटने निर्माती म्हणून त्यांचं ‘न्यू रेडिओ’ हे सिंगल केलं, त्यात आवाज भरदार आणि गोलाई आलेला आहे. त्यामुळे पहिल्या ईपीला कोरडी म्हणणारे आहेत, आणि जोन जेटने फार इस्त्री फिरवली म्हणणारेही. माझं मत कोरडेपणाच्या बाजूने. कडक भाकरीला लोण्याने बिघडवू नये.

पण ‘आवाज’ म्हणजे इथे नेमकं काय? हे थोडं सोलून बघू, कारण खरी गंमत इथे आहे.

पंकमधलं गिटार बहुतेकदा दोनच सूर वाजवतं, षड्ज आणि पंचम. सा आणि प. यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. मधला गंधार गाळलेला असतो. पाश्चात्त्य संगीतात आनंदी की उदास हे ठरवतो तो गंधारच. शुद्ध असेल तर उजळ, कोमल असेल तर झाकोळलेला. तो काढून टाकला की उरतं ते ना हसणारं ना रडणारं, नुसतं उभं. आता आठवा, सा आणि प ही जोडी आपण कुठे ऐकतो? तानपुऱ्यात. पंचमावर लावलेला तानपुरा आणि पंक गिटार यांच्या हातात स्वरांचं भांडवल सारखंच आहे.

याहून अजब पुढे आहे. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे रेटला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात, आणि मूळ सुरांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन नवे सूर जन्माला येतात. सा आणि प यांच्या कंपनांचं गुणोत्तर 2 ला 3. सेकंदाला 100 आणि 150 कंपनं असतील तर त्यांची वजाबाकी 50, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. कुणी तार छेडलेली नाही, तरी खर्ज हजर! तानपुऱ्याला त्यासाठी चौथी तार लावावी लागते. इथे तो ताण सहन न झालेल्या यंत्रातून आपोआप निघतो. गंधार ठेवला असता तर याच बेरजा-वजाबाक्यांचा चिखल झाला असता. म्हणजे या आवाजात जे कमी आहे ते कमी असण्याला कारण आहे. गिटार खरखरतं म्हणून लागलेलं नाही असं म्हणणाऱ्याने एकदा ही वजाबाकी करून बघावी.

तसंच किंकाळीचं. 2015 साली ‘करंट बायॉलॉजी’ या शोधपत्रिकेत लूक अर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळीचा अभ्यास छापला. आपण साधं बोलतो तेव्हा आवाजाची तीव्रता सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते, साधारण अक्षरांच्या वेगाने. किंकाळीत ती सेकंदाला 30 ते 150 वेळा थरथरते. कानाला हे खडबडीत लागतं. धोक्याचे भोंगेही याच पट्ट्यात वाजतात, आणि मेंदूतला भीतीशी संबंधित असलेला अ‍ॅमिग्डला हा भाग असे आवाज ऐकून जागा होतो. बोलण्यासाठी, गाण्यासाठी हा पट्टा आपण जवळजवळ वापरतच नाही, जणू संकटासाठी राखून ठेवलेला. हॅना गाता गाता त्या राखीव पट्ट्यात घुसते आणि परत येते. तेव्हा एखाद्याने ‘मला हे सहन होत नाही’ म्हटलं तर ते खोटं नसतं. त्याचं शरीर खरंच उठून दाराकडे बघत असतं. आणि जिचं लहानपणच त्या भोंग्यात गेलं, तिला पहिल्यांदाच कुणीतरी तो बाहेर वाजवलेला ऐकू येतो. एकच कंपन, आणि दोन माणसं दोन टोकांना.

‘लायर’ या गाण्यात हे फार जवळून दिसतं. गाणं अडीच मिनिटांचं. मध्येच वेग उतरतो, आणि हॅना एकदम शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मुलीच्या आवाजात जॉन लेननच्या ‘गिव्ह पीस अ चान्स’ची ओळ म्हणायला लागते. 1969 चं ते शांततेचं सुप्रसिद्ध गाणं, सगळ्या भल्या माणसांचं लाडकं. ती ते गोड म्हणते. आणि मागे, त्याच वेळी, कुणीतरी बाई किंचाळतेय. जरा दूर, भिंतीपलीकडे असावी तशी. एका कानाला गोडवा, दुसऱ्याला किंकाळी, आणि दोन्ही एकमेकांना थांबवत नाहीत. चाळीत किंवा ब्लॉकमध्ये राहिलेल्या कुणाला हे समजावून सांगायला नको. शेजारच्या घरात काय चाललंय ते सगळ्या मजल्याला ऐकू येतं आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. मी हा तुकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं की लोकलच्या डब्यातच कुणी ओरडलं. मान वर करून बघितलं. समोरची बाई मटार सोलत होती.

बाकी गाण्यांवर धावती नजर टाकते. ‘डबल डेअर या’ सुरुवातीलाच आपलं नाव सांगतं आणि क्रांती मागतं, मग मुलींना शाळकरी पैजेच्या भाषेत डिवचतं: हिंमत आहे का, हवं ते करण्याची? ‘कार्निव्हल’ दीड मिनिटाचं, जत्रेच्या झगमगाटामागे किशोरवयीन मुलींचं जे चालतं त्याविषयी. चौथ्या गाण्याचं नाव छापायला कोणताही मराठी संपादक कां-कूं करेल, तेव्हा ते मीच गाळते. पण त्यातला प्रसंग गाळण्यासारखा नाही. रात्री मुलीच्या खोलीत बाप येतो, आणि आईचा सल्ला असा की वडिलांचा मान राखावा, शहाण्यासारखं वागावं. शीर्षकातली शिवी हे मुलीचं त्याला उत्तर आहे. शिवीवर नाक मुरडणाऱ्याने नाक कुणावर मुरडावं हे त्या गाण्यात अगदी स्वच्छ सांगितलेलं आहे.

आणि पाचवं, ‘फील्स ब्लाइंड’. हे मात्र संथ सुरू होतं, आधी बेस, मग हळूहळू बाकीचे. भुकेविषयी आहे. इतकी वर्षं उपाशी ठेवलेल्या बाईला जे वाढलं तेच अन्न वाटू लागतं, अशा काहीशा वाटेने ते जातं. रेकॉर्डमधलं सर्वांत उत्तम गाणं हेच. इथे ‘संदेश मोठा, संगीत बेताचं’ हा मवाळ पक्षाचा युक्तिवाद माझ्यापुरता तरी गळून पडला, कारण या गाण्यात संगीत आधी पोचतं आणि शब्द मागून येतात.

‘वाजवता येत नाही’ या आक्षेपाचं मात्र वेगळं आहे. तो खोटा नाही. ही मंडळी कार्यक्रमात मधूनच वाद्यं बदलायची, ड्रमवाली गायला येई, गायिका बेस घेई. तालीम कमी, कुवत बेताची, आणि ती लपवायची इच्छा शून्य. त्यामागचा विचार समजून घ्यायचा तर ब्रॅटमोबीलचा किस्सा ऐका. वुल्फ आणि न्यूमन सगळ्यांना सांगत फिरायच्या की आमचा बँड आहे. बँड नव्हता. नुसती थाप. ऑलिंपियात के रेकॉर्ड्स ही कंपनी चालवणाऱ्या कॅल्व्हिन जॉन्सनने एक दिवस फोन करून सांगितलं, 14 फेब्रुवारीला बिकिनी किलबरोबर वाजवा. आता आली का पंचाईत! गाणी नाहीत, सराव नाही. घाईघाईने जमवलं आणि 1991 च्या त्या व्हॅलेंटाइन दिवशी मंचावर उभ्या राहिल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑलिंपियात स्वतंत्र संगीताचा जो मोठा मेळा झाला, त्याची पहिली रात्र मुलींच्या बँडसाठी ठेवली होती, आणि तिथेही काही जणी पहिल्यांदाच मंचावर चढत होत्या.

म्हणजे ऐकणारी आणि वाजवणारी यांच्यामधला उंबरठा मुद्दाम बुटका ठेवला होता. निष्णात वादन ऐकून श्रोत्याच्या तोंडून ‘वा’ निघते. हे ऐकून पुढच्या रांगेतल्या मुलीने ‘एवढं तर मलाही येईल’ म्हणावं, हाच हेतू होता. तिच्या तोंडचं हे वाक्य टीका म्हणून घ्या की दाद म्हणून. बँडला दोन्हीत फरक वाटत नव्हता.

पुढच्या रांगेवरून आठवलं. पंकच्या कार्यक्रमात मंचासमोरची जागा म्हणजे मॉश पिट, धिप्पाड पोरांची एकमेकांवर आदळाआपट. मुली मागे, भिंतीला टेकून, मित्रांचे कोट सांभाळत. हॅना मंचावरून पुकारा करायची: मुलींनो, पुढे या, पोरांनो, मागे व्हा. मुलींना गाण्यांचे शब्द छापलेले कागद वाटायचे. काही वेळा माइक समोरच्यांच्या हातात द्यायचा. यावरूनही तेव्हा पुष्कळ राळ उडाली, हा भेदभाव आहे म्हणून. मंचाकडे वस्तू भिरकावल्या गेल्या, धमक्या आल्या. लेडीज डब्यातून रोज ये-जा करणाऱ्या बाईला या वादात नवं काही वाटणार नाही. त्या डब्याला नावं ठेवणारे पुरुष आपण सगळ्यांनी ऐकले आहेत, आणि तो नसता तर आपण कुठल्या नोकरीला गेलो असतो हेही आपल्याला ठाऊक आहे.

हॅनाने आणखी एक करून ठेवलं होतं. काही कार्यक्रमांत ती पोटावर ठळक अक्षरांत तो शब्द लिहून यायची, जो बाईला कमी लेखायला पुरुष वापरतात. प्रेक्षकातून जो कुणी ओरडणार होता त्याची शिवी तिने आधीच स्वतःच्या अंगावर लिहून आणलेली. आता ओरडून करतोस काय? सहाव्या गाण्यातल्या त्या परीक्षणाचं वाचन आणि पोटावरचा हा शब्द, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेली युक्ती आहे.

वर्तमानपत्रांना हे कळलं नाही असं नाही, त्यांना ते फार लवकर आणि फार ढोबळ कळलं. 1992 मध्ये ‘यूएसए टुडे’, ‘न्यूजवीक’ वगैरेंनी लेख छापले. कपडे कसे, केस कसे, वय किती. चळवळीतल्या कित्येकींनी वैतागून पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. त्याने नुकसानही झालं असावं, कारण जी बोलत नाही तिच्याविषयी लोक आपल्या मनचं लिहितात. पण झीन छापणाऱ्यांना दुसऱ्याच्या छापखान्याची गरज वाटत नव्हती.

सगळ्यात टोकदार मत मात्र बाहेरून आलं नाही. ते आतून आलं, आणि तेही झीनमधूनच. न्यू जर्सीतली रामदाशा बिक्सीम ही कृष्णवर्णीय किशोरी ‘गंक’ नावाचं झीन काढत असे. तिने विचारलं की या मुलींच्या दंगलीत माझ्यासारख्या किती? मध्यमवर्गीय गोऱ्या मुलींनी केस रंगवले तर ते बंड. मी तेच केलं तर जग माझ्याकडे कसं बघेल? पुढे 1997 मध्ये व्हिएतनामी वंशाच्या मिमी थी न्युएन यांनी ‘इव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट’ हा संग्रह काढून वर्णभेदाचा हाच प्रश्न अनेक लेखकांच्या तोंडून मांडला. ‘आपण साऱ्या’ म्हणताना त्या साऱ्यांत नेमकं कोण कोण, हा प्रश्न मराठीतल्या स्त्रीचळवळीलाही विचारला गेला आहे, त्यामुळे त्याची धार आपल्याला ओळखू येते. ईपी ऐकताना तो बाजूला ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. त्याने ‘फील्स ब्लाइंड’ लहान होत नाही. पण रेकॉर्डच्या सुरुवातीला जी क्रांती मागितली आहे, ती कुणाच्या वतीने, हे विचारण्याचा हक्क श्रोत्याला आहे. हॅनाने स्वतः पुढे मुलाखतींतून ही टीका रास्त असल्याचं मान्य केलं आहे.

बँड 1997 मध्ये थांबला. 2012 मध्ये त्यांनी स्वतःच कंपनी काढली आणि पहिली हीच ईपी पुन्हा बाजारात आणली. 2019 मध्ये ते परत मंचावर आले, तेव्हा लॉस एंजेलिसमधल्या कार्यक्रमात त्यांच्या आधी ‘द लिंडा लिंडाज’ नावाचा शाळकरी मुलींचा बँड वाजला. आशियाई आणि लॅटिनो घरांतल्या मुली, बिक्सीमच्या प्रश्नानंतर जन्मलेल्या. 2021 मध्ये त्यांनी ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभं राहून वंशद्वेषी मुलाविषयीचं गाणं गायलं, आणि ते जगभर पाहिलं गेलं.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात आता ‘रायट गर्ल कलेक्शन’ आहे. हॅनाचे कागद तिथे आहेत: झीनच्या कात्री-गोंदाच्या मूळ प्रती, वह्या, पत्रकं, पत्रं. पुठ्ठ्याच्या खोक्यांत, आम्लरहित कागदात गुंडाळून, ठरावीक तापमानात. रात्री चोरून काढलेल्या झेरॉक्सला हा सरंजाम बघून काय वाटत असेल!

तेव्हा एवढंच करा. ‘फील्स ब्लाइंड’पासून सुरुवात करू नका, ते पाचवंच ऐका, क्रमाने. सोळा मिनिटं मध्ये थांबवू नका. आवडली नाही तर का नाही ते कोऱ्या कागदावर लिहून काढा, दोन्ही बाजूंनी, आणि दहा झेरॉक्स काढून ओळखीत वाटा.